दिवा धरणारी

सिग्नल हिरवा झालेला मला दिसलाच नाही, कारण गाडीची काच आतून पांढरी झाली होती. हीटर गळायला लागल्यापासून हे रोजचंच झालं होतं. आधी पायापाशी गोडसर वास यायचा, मग काचेवर चिकट वाफ धरायची आणि पुसली की आणखी पसरायची. मी फडक्याने काच पुसत होते, मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या, तेवढ्यात मागच्या गाडीतला माणूस उतरून आला आणि त्याने माझ्या खिडकीवर मुठीने दोनदा आपटलं. मी घाबरले नाही. घाबरायला वेळच मिळाला नाही, कारण त्याआधीच माझं कोपर वर गेलं होतं, कपाळाच्या रेषेत, बोटं कानावर, मान खांद्यात. इतकं सफाईदार की शाळेत कवायत म्हणून शिकवावं. माणूस थबकला. त्याने मूठ उघडली, हात खाली घेतला आणि काचेपाशी तोंड आणून म्हणाला, "अहो बाई, मी मारत नाहीये." मग कुणी बघितलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि परत गाडीत जाऊन बसला. त्यानंतर त्याने हॉर्न वाजवला नाही. माझी गाडी हलेपर्यंत तो मागे गप्प बसून राहिला आणि नेमकं तेच मला सहन झालं नाही. आईवडिलांना, शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या बायकांना इतक्या वर्षांत जे कळलं नाही, किंवा कळूनही कळलं नाही, ते एका परक्या माणसाला रस्त्यात उभ्याउभ्या कळलं. मला त्याचा असा संताप आला की त्याची गचांडी धरून त्याचं डोकं त्याच्याच टपावर आपटावंसं वाटलं. मग मी काच पुसली आणि ऑफिसला गेले.

दुपारी मी ताईला फोन केला. ताई माझ्याहून मोठी, घाटापलीकडच्या गावात एकटी राहते आणि तिला प्रस्तावना आवडत नाही. मी म्हटलं, येऊ का. ती म्हणाली, कधी ते विचारत नाही, आजपासून फाटकाला कुलूप लावत नाही एवढंच सांगते. बस्स. मी फोन ठेवला. जायचं ठरलं होतं. राहिला प्रश्न गाडीचा. तिकडची एकुलती एक बस ज्या स्टँडवरून सुटते तिथे नवऱ्याचा मित्र तिकिटं फाडतो, म्हणजे मी बसमध्ये चढायच्या आधी घरी बातमी. गाडी माझी, वडिलांनी मला दिलेली, जुनी पण इमानी. पण या थंडीत घाटात हीटर नसला तर काचेवर दहिवराचा पापुद्रा धरतो, आणि तिचे पुढचे दिवे तर मोतीबिंदू झाल्यासारखे पिवळे पडलेले, दोन हातांपलीकडचं दाखवत नव्हते. त्या अवस्थेत घाट चढणं म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. गाडी दुरुस्त करायला हवी होती आणि आमच्या घरात गाडीला हात लावायचा अधिकार एकाच माणसाला होता. म्हणजे मला पळून जायचं होतं आणि त्याची तयारी माझ्या नवऱ्याने करायची होती. हे लक्षात आलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात एकटीच हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

त्याला तयार करणं अवघड नव्हतं. रात्रीच्या जेवणाला मी सहज म्हटलं, अहो, गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये टाकू का, हीटर बदलून देतो म्हणतोय. त्याने ताटातून मान वर केली. त्याचे वडील आयुष्यभर गॅरेजवाले, तो स्वतः कारखान्यात मेंटेनन्सला, आणि त्याच्या बायकोने गाडी दुसऱ्याकडे टाकायची. तो म्हणाला, त्या गॅरेजवाल्या न्हाव्याला हीटर कोअर कशाशी खातात ते तरी माहीत आहे का. दुसऱ्या दिवशी तो संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याच्या हातात एक खोकं होतं, त्यात हीटर कोअर, म्हणजे पुस्तकाएवढा छोटा रेडिएटर, बारीक जाळीचा, दोन नळ्यांचा, आणि दुसऱ्या खोक्यात कागदात गुंडाळलेले दोन नवे कोरे दिवे. त्याने ते टेबलावर मांडले आणि जाळीवरून बोट फिरवलं. त्या दिवशी तो फार खुशीत होता. मला वाटलं, चला, निम्मं काम झालं.

शनिवारी सकाळी अंगणात काम सुरू झालं. हीटर कोअर ही चीज अशा जागी बसवलेली असते की बसवणाऱ्याला बायको नसावी आणि असली तर तिचा राग असावा. सगळा डॅशबोर्ड काढावा लागतो. घड्याळं, खण, वायरींचे जुडगे, कुठेकुठे लपलेले स्क्रू, मग काळी प्लास्टिकची पेटी, आणि तिच्या पोटात ती जाळी. तो ड्रायव्हरच्या बाजूने पाय बाहेर टाकून उताणा झोपला होता आणि मी शेजारच्या सीटवर गुडघे टेकून दिवा धरला होता. दिवा धरणं हे आमच्या घरातलं बायकोचं काम. पण नुसता दिवा नाही. त्याच्या वडिलांची एक पद्धत होती, ती त्याने जशीच्या तशी उचलली: काढलेले स्क्रू वाटीत टाकायचे नाहीत, डब्यात टाकायचे नाहीत, धरणाऱ्याच्या तळहातावर ठेवायचे, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने, करंगळीपासून अंगठ्याकडे. उलटं जाताना अंगठ्यापासून सुरुवात. म्हातारा म्हणायचा म्हणे, वाटीला अक्कल नसते, हाताला असते. तेव्हा माझ्या एका हातात दिवा आणि दुसऱ्या हातावर स्क्रूंची रांग, बोटांच्या फटींत, मनगटाच्या खळग्यात, श्वास घेतला तरी घरंगळतील अशी. या पद्धतीत एक सोय आहे, जी म्हाताऱ्याला ठाऊक असणार. धरणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. तोंडावर आलेला तडाखा त्याला अडवता येत नाही.

दिवा धरून धरून मी त्याचं तोंड जेवढं पाहिलं तेवढं कुठल्याच बायकोने नवऱ्याचं पाहिलं नसेल. डाव्या भुवईत त्याला एक पांढरी रेघ आहे. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिच्यावरून बोट फिरवलं होतं, तेव्हा तो कौतुकाने म्हणाला होता, दहाचा पाना, दिवा हलला म्हणून. तो आठवीत होता. वडिलांनी पाना मारला, वर स्वतःच पट्टी बांधली आणि काम पुरं होईपर्यंत परत दिवा धरायला लावला. असंच शिकलो, तो म्हणाला, आणि मला त्या वेळी त्याची इतकी दया आली होती की मी त्या रेघेला ओठ लावले होते. तेव्हा मला वाटलं होतं, ज्याने सोसलंय तो दुसऱ्याला देणार नाही. काय पण हिशेब मांडला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथे तर सुंभ जळलाही नव्हता. सासूबाई होत्या तेव्हा एकदा भांडी लावता लावता मला म्हणाल्या होत्या, यांचा हात वेगाचा होता पण हलका, माझ्या लेकाचा जड आहे, तू सांभाळून राहा. हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं होतं की जणू एखाद्या घराण्यात डोळे घारे असतात आणि एखाद्या घराण्यात हात जड असतो. मी त्यांना हो म्हटलं होतं. मला अजूनही त्या होकाराची लाज वाटते.

पेटीचा शेवटचा स्क्रू गंजलेला निघाला. यंत्रापुढे त्याला राग येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. यंत्राशी तो बोलतो. त्या स्क्रूवर त्याने तेल सोडलं, थांबला, पेचकसाच्या मुठीवर हलकी टिचकी मारली आणि म्हणाला, चल बाई, ये, दमली असशील, ये. घाम त्याच्या डोळ्यांत जात होता. दहा वेळा पेचकस सटकला, बोटाची साल गेली, रक्त आलं, तरी तो स्क्रूला एक वावगा शब्द बोलला नाही. पण मला दिसत होतं ना, दिव्याच्या उजेडात जबड्याचं हाड हलतं ते, आणि मी मनातल्या मनात त्या गंजक्या स्क्रूच्या विनवण्या करत होते, निघ रे बाबा, तुझी शिक्षा मला आहे. स्क्रू निघाला. त्याने तो माझ्या अंगठ्यापाशी ठेवला. आणि तेवढ्यात पेटी सैल होऊन तिच्यातलं साठलेलं हिरवं पाणी माझ्या मांडीवर सांडलं, थंडगार, माझा हात एवढासा हलला आणि एक स्क्रू, फक्त एक, घरंगळून पंख्याच्या भोकात पडला. टक् असा आवाज झाला. आम्ही दोघांनी तो ऐकला. तो उठून बसला, हाताशी रॅचेटचा लोखंडी दांडा होता, तो त्याने माझ्या कोपराखाली मारला, मग उलट्या हाताने तोंडावर, मग केस धरून माझं डोकं दरवाज्याच्या चौकटीवर, एकदा, दोनदा. तोंडाने तो काही बोलत नव्हता. मीही नव्हते. शेजारी घरात असले की आमच्याकडे सगळं तोंड दाबून बुक्क्यांचं असतं. तिसऱ्यांदा डोकं आपटलं तेव्हा माझ्या तोंडात रक्ताची चव आली, आणि या सगळ्यात मी काय करत होते, तर मूठ आवळून बाकीचे स्क्रू सांभाळत होते. क्रम बिघडला असता तर गाडी जोडली गेली नसती. गाडी जोडली गेली नसती तर घाट नव्हता. माझ्या तळहातात स्क्रूंचे आटे रुतले होते आणि मी ताईचं फाटक डोळ्यांपुढे आणून त्याचे गज मोजत होते.

संध्याकाळी त्याने माझ्या कोपराला मलम लावलं. तू पण ना, एवढंसं काम, म्हणाला. माझी चूक मला इतक्या प्रेमाने कुणी समजावली नसेल. डॅशबोर्ड बाहेरच्या खोलीत सोफ्यावर ठेवला होता, त्याच्या वायरी जमिनीवर लोंबत होत्या, आणि तो त्याच्या शेजारी बसून बातम्या बघत होता. मी दाराआडून त्याच्या मानेकडे बघत राहिले. केस नुकते कापल्यामुळे मान उघडी दिसत होती आणि स्वयंपाकघरात माझ्या हाताशी जड तवा होता. मी हे असं सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटेल की त्या दिवशी मला पहिल्यांदा सुचलं. तसं नाही. ती मान मी कित्येक संध्याकाळी पाहिली आहे, तवा घासताना, दूध तापवताना, आणि दर वेळी कुठे मारलं म्हणजे आवाज येणार नाही याचा विचार केला आहे, जसा कुणी उद्या भाजी काय करू याचा करतो. फरक एवढाच होता की त्या दिवशी माझा उजवा हात वर जात नव्हता. मी तवा घासून पालथा घातला.

रविवारी नवी जाळी बसली. पंख्यातला स्क्रू त्याने चुंबकाने काढला, रात्री कागदावर क्रमाने मांडून ठेवलेले बाकीचे पुन्हा माझ्या हातावर आले, आणि अंगठ्याकडून करंगळीकडे सगळे परत गेले, एकही चुकला नाही, आणि तो म्हणाला, बघ, हाताला अक्कल असते. मग नवं पाणी भरलं. आत हवेचे बुडबुडे अडकले तर हीटर गार फुंकतो, म्हणून झाकण उघडं ठेवून इंजिन चालवायचं असतं. मी सीटवर बसून त्याच्या सांगण्याप्रमाणे पाय दाबायचा, सोडायचा. तो बॉनेटखाली वाकून भोकात बघत राहायचा. हळूहळू पायावर ऊब यायला लागली. गोड वासाशिवायची, कोरडी, खरीखुरी ऊब. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते काचेतून पाहिलं आणि त्याला वाटलं, बायको खूश झाली. तो हसला. दिवे बसवताना त्याने बल्ब स्वच्छ रुमालात धरला, दोन बोटांनी, श्वास रोखून. काचेला बोट लागलं की बोटाचं तेल तापतं आणि बल्ब उडतो, हे त्याने मला किती वेळा सांगितलंय. मी त्या रुमालाकडे बघत होते. मला बल्बचा मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू.

अंधार पडायला लागला तसे दिवे नीट रोखायचं काम आलं. भिंतीवर उजेड कुठे पडतो ते बघून दिव्यामागचा स्क्रू फिरवायचा. त्याला लांब भिंत लागते, पण आमचं अंगण केवढं. गाडीचं नाक भिंतीपासून दोन पावलांवर होतं आणि मागे फाटकापर्यंत थोडा उतार. हँडब्रेकची केबल कधीची तुटलेली, ती बदलायचं आज करू उद्या करू चाललेलं, म्हणून आमच्याकडे रीत अशी की इंजिन बंद केलं की गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची, म्हणजे ती उतारावरून मागे जात नाही. दुसऱ्या कुणी ही गाडी सुरू केली तर ती उडी मारेल, पण दुसरं कुणी ती सुरू करतच नव्हतं. आम्हा दोघांना सवय होती. आधी क्लच, मग चावी. हवा काढून झाल्यावर त्यानेच हात आत घालून इंजिन बंद केलं, त्यानेच गिअर टाकला. मी दिवे लावले. तो खडू घेऊन भिंतीपाशी गेला, एक फुली काढली, मागे वळला, नुसत्या बॅटरीवर उजेड कमी पडतोय म्हणाला, स्टार्ट दे. मी चावी फिरवली.

माझा डावा पाय कुठे होता ते मला आठवत नाही. मी खूप आठवून पाहिलं आहे. उजवा हात चावीवर होता आणि दुखत होता, पायांवर ऊब होती, दिव्यांच्या पांढऱ्या झोतात तो उभा होता, डोळ्यांवर आडवा हात धरून, आणि त्याला मी दिसत नव्हते. आजवर उजेड माझ्या हातात असूनही अंधारात नेहमी मीच असायचे, असं काहीतरी मनात येत होतं, किंवा नंतर आलं. गाडीने उडी मारली. तापलेलं इंजिन पटकन पकडलं, गाडी दोन पावलं पुढे गेली, काहीतरी काटकी मोडल्यासारखं वाजलं आणि इंजिन बंद पडलं. तो भिंतीला पाठ टेकून उभा होता, गुडघ्यांवर बंपर. दोन्ही तळहात त्याने बॉनेटवर टेकले होते. बॉनेट तापलेलं होतं, तरी त्याने हात काढले नाहीत. दिवे त्याच्या पोटावर पडत होते आणि पंखा माझ्या पायांवर गरम वारा सोडत होता. मी तशीच बसून राहिले. मला हे सांगायलाच हवं, की मला घाई नव्हती. एवढं ऊबदार मला त्या हिवाळ्यात कधी वाटलं नव्हतं, आणि चावी अजून माझ्या बोटांत होती, आणि गिअर अजून पहिलाच होता.

तो ओरडला नाही. मी वाट बघत होते की आता शिव्या येतील, आता नाव घेऊन ओरडेल, आणि तो ओरडला असता तर माझ्या बोटांनी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. त्याने काचेतून अंदाजाने माझ्याकडे पाहिलं. चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. मग तो बोलायला लागला, हळू, अगदी सावकाश.

"हे बघ, घाबरू नकोस. काही झालं नाहीये. चावीवरचा हात काढ. हां. आता डावा पाय क्लचवर ठेव. घाई नाही, तुझ्या सोयीने. नुसता क्लच दाब, गाडी आपोआप मागे जाईल. छान जमेल तुला."

म्हणजे त्याला असं बोलता येत होतं. मी ऐकत होते. पायाचं हाड मोडलेलं, वेदनेने ओठ पांढरे पडलेले, आणि आवाजात एक ओरखडा नाही. राग त्याला अनावर होतो, हात आपोआप उठतो, त्याचं लहानपण तसं गेलं, हे सगळं मी इतकी वर्षं उशाला घेऊन झोपले होते. अनावर काही नव्हतंच. आवरायची गरज पडली नव्हती एवढंच. आज मी यंत्राच्या बाजूला बसले होते, म्हणून यंत्राशी बोलावं तसा तो माझ्याशी बोलत होता. दांड्याच्या तडाख्याने जेवढं लागलं नव्हतं तेवढं मला त्या गोड आवाजाने लागलं. मी क्लच दाबला. गाडी उतारावरून मागे गेली, मी ब्रेक मारला, आणि तो भिंतीवरून घसरत खाली बसला.

शेजारच्या काकांनी त्याला मागच्या सीटवर घालायला मदत केली आणि ते स्कूटरवरून आमच्या मागे निघाले. काकांना त्यानेच सांगितलं, हँडब्रेक नाही ना, गाडी सरकली. रस्ताभर तो कण्हत होता. नवे दिवे लांबपर्यंत सगळं दाखवत होते, खड्डे, दगड, कडेला झोपलेली कुत्री. काच निर्मळ होती. अर्ध्या वाटेत त्याने विचारलं, पाय कुठे होता गं तुझा. मी एक खड्डा चुकवला. मग तो स्वतःच म्हणाला, जाऊ दे, मला माहितीय, तू तसली नाहीस. आणि माझ्या सीटच्या पाठीवर त्याने दोनदा हलकं थोपटलं.

हॉस्पिटलच्या दारात दोघा वॉर्डबॉयनी त्याला स्ट्रेचरवर घेतलं आणि काका त्याच्याबरोबर आत गेले. तो मान वळवून माझ्याकडे बघत होता. दार मिटलं. मी इंजिन चालू ठेवून बसले होते. वॉचमनने टपावर थाप मारली, माझा एकही हात वर गेला नाही, आणि तो म्हणाला, "ताई, इथे थांबता येणार नाही. गाडी पुढे घ्या." पार्किंगची पाटी डाव्या हाताला होती. उजव्या हाताचा रस्ता घाटाकडे जात होता. आत जाऊन त्याच्या उशाशी बसले असते तर लोकांनी चांगलं म्हटलं असतं, त्याचा पाय बरा झाला असता, आणि एखाद्या रविवारी तो पुन्हा गाडीपुढे उभा राहून मला स्टार्ट दे म्हणाला असता. तेव्हा माझा पाय कुठे आहे ते मला पक्कं माहीत असतं. मी क्लच दाबला, गिअर टाकला आणि उजवीकडे वळले.